खांदमळणी आणि माझी मांडी

मला दहा दिवस चेंडूला पाय लावायची बंदी होती. क्लबच्या डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलं होतं, कारण तोंडी सांगितलेलं मी ऐकत नाही हे त्यांना पुरतं ठाऊक झालं होतं. मी व्यावसायिक फुटबॉल खेळतो. राईट बॅक आहे, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने नव्वद मिनिटं वर-खाली पळत राहायचं आणि आपल्या बाजूने कोणाला जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. घर अकोल्याला, मूळ गाव नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे, आणि पोटापाण्याचा उद्योग समुद्रकाठच्या एका शहरात. त्या ऑगस्टमध्ये हंगामाआधीच्या एका स्पर्धेत आम्ही अकरा दिवसांत चार सामने खेळलो, त्यातले दोन विमानाने लांब जाऊन. चौथ्या सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला माझ्या उजव्या मांडीचा मागचा स्नायू असा काही धरला की मी रेषेजवळ खालीच बसलो.

"नुसता आखडलाय," असं मी डॉक्टरांना सांगितलं.

खरी गोष्ट अशी की तो स्नायू फेब्रुवारीपासून दुखत होता. सहा महिने मी रोज सरावाआधी दोन गोळ्या गिळत होतो आणि हे कोणालाही, अगदी आईलाही, कळू दिलं नव्हतं. वय एकतीस, कराराचं शेवटचं वर्ष, आणि आमच्या धंद्यात दुखणाऱ्या माणसाची जागा आठवडाभरसुद्धा रिकामी राहत नाही. दहा दिवसांनी परत गेल्यावर माझी पळण्याची चाचणी होणार होती. तीत मी पास झालो तर हंगामाचा पहिला सामना माझा, नाही झालो तर क्लब दुसरा राईट बॅक घेणार. हे प्रशिक्षकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की दोनच्या चार गोळ्या करायच्या, पण चाचणी काढायची.

विश्रांतीसाठी अकोल्याला येणं हाच मुळात माझा भाबडेपणा होता. चार दिवसांत माझे सहा सत्कार झाले. सत्कार बसून होत नाही, हे ज्यांचा झालाय त्यांनाच कळतं. शाल घ्यायला उभं राहायचं, नारळ घ्यायला उभं राहायचं, पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत हार सांभाळत उभं राहायचं, आणि मग प्रत्येकाबरोबर एकेक सेल्फी. एका मोबाईलच्या दुकानाची फीतही मी कापली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या घड्याळाने मला कळवलं की तुमची आजची पावलं साडेअठरा हजार झाली आहेत. हे घड्याळ तिकडे क्लबच्या संगणकालाही कळवत असे. संध्याकाळी फोन आला, तू तिकडे नक्की करतोयस काय? आता त्यांना शाल-श्रीफळ कसं समजावून सांगणार?

सत्काराला माणसं जमली की माझ्या पगाराचा विषय निघायचाच. केस कापतो त्याच्याकडे माझा पगार पन्नास लाख होता, पानटपरीवर एक कोटी आणि आईच्या भिशीत दोन. खरा आकडा मी सांगत नाही, कारण सांगितला तर भिशीचा हिरमोड होईल. पण खोटं कशाला बोलू, पैसे भरपूर मिळतात. बाबांनी एस.टी.त आयुष्यभर तिकिटं फाडून जेवढं कमावलं तेवढं मी दोन हंगामांत घरी आणलं. त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटायची ती पाय दुखतो म्हणायची. एवढे पैसे घेणाऱ्याचा पाय दुखतोच कसा, असं लोकांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. मोबाईलवर माझ्याबद्दल कोण काय लिहितं ते मी वाचत नाही, असं मी मुलाखतीत सांगतो. वाचतो. एकेकाला सणसणीत उत्तर लिहितो आणि पाठवायच्या आधी पुसून टाकतो, कारण तसं करारात लिहिलेलं आहे.

पाचव्या दिवशी सर घरी आले. मला चेंडू कसा अडवायचा ते ज्यांनी शिकवलं ते हे सर, आता सत्तरीला टेकलेले. त्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्यातल्या आमच्या जुन्या मैदानावर एक प्रदर्शनी सामना ठेवला होता.

"दहाच मिन्टं उतर," सर म्हणाले. "पोरं तुले पाहाले येऊन राहिले. पयाचं काई काम नाई, नुसता उभा राय."

मी लगेच हो म्हणून टाकलं. सरांना नाही म्हणायची मला सवयच नव्हती. तसं पाहिलं तर कोणालाच नाही म्हणायची नव्हती. सर गेल्यावर आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"डाक्टरनं कागदावर काय लिवलं हाये?"

"दहाच मिनिटं तर आहेत, आई."

"कागदावर दहा दिस लिवलं हाये," आई म्हणाली आणि परत आत गेली.

त्यानंतर मी पोळ्यासाठी गावी गेलो. गावी मोठेबाबा आणि मोठी आई असतात, म्हणजे माझे थोरले काका-काकू. शेती तेच पाहतात. माझा पहिला मोठा करार झाला तेव्हा मी मोठेबाबांना ट्रॅक्टर घेऊन दिला होता. ट्रॅक्टरची ते फार इज्जत करतात. त्याच्यावर ताडपत्री घालतात, दसऱ्याला हार घालतात, कोणी पाहुणा आला की ताडपत्री काढून दाखवतात. पण बैलजोडी त्यांनी विकली नाही. कपाशी गुडघ्याच्या वर गेली की तिच्या ओळींतून ट्रॅक्टर जात नाही, तिथे तण काढायला बैलांना डवराच जुंपावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. पण ट्रॅक्टर जात असता तरी त्यांनी जोडी ठेवलीच असती, असा माझा दाट संशय आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा रापलेला, कधी सोललेला असतो, म्हणून त्या संध्याकाळी हळद आणि लोणी कोमट करून खांद्याला चोळतात आणि पळसाच्या पानांनी शेकतात. मग बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. मी अंगणात बाजेवर पाय लांब करून बसलो होतो. मोठेबाबांनी आधी डाव्या बैलाचा खांदा अंगठ्याने दाबत दाबत पाहिला. तो मजेत रवंथ करत राहिला. मग उजव्याचा पाहिला. एका जागी अंगठा आला तशी बैलाची कातडी थरथरली.

"सोललं हाये," मोठेबाबा म्हणाले. "याचा डवरा पंधरा दिस बंद."

"आन् तण?" मोठी आई म्हणाली. "पानी आलं हाये, कमरेवरी होईन."

"होऊ दे. बाया लावू निंदाले."

एवढ्यावर तो विषय संपला. मी तिथे बसून मनातल्या मनात म्हणत होतो की बैलाचं बरं आहे, त्याला करार नाही. तेवढ्यात मोठी आईने पाणी मागितलं म्हणून मी उठलो. उठताना आधारासाठी बाजेची कड धरली असावी. मोठेबाबांनी वाटी खाली ठेवली.

"बापू, इकडे ये. झोप पालथा."

"काहून?"

"झोप म्हन्तो न."

मी हसत हसत बाजेवर पालथा झोपलो. मोठेबाबांचा अंगठा माझ्या गुडघ्याच्या मागून वर सरकत गेला, अगदी सावकाश. आमच्या क्लबमध्ये एक बनियन असते, ती घातली की माणूस किती पळाला, किती वेगाने पळाला, किती वेळा थांबला ते सगळं पडद्यावर दिसतं. स्नायूची ताकद मोजायचं लाखो रुपयांचं यंत्र आहे. शिवाय मैदानाच्या चारी कोपऱ्यांत कॅमेरे आहेत. ह्या सगळ्यांना मी सहा महिने फसवलं होतं. त्या अंगठ्याने मला बाजेवरून वीतभर उडवलं.

"कवापासून?" मोठेबाबांनी विचारलं.

"पंधरा दिस झाले असतील."

त्यांनी पुन्हा त्याच जागी दाबलं, पण जोर नाही लावला. नुसता अंगठा ठेवला.

"कवापासून?"

"फेब्रुवारीपासून," मी म्हणालो, आणि उशीत तोंड घातलं. मला एकदम रडू आलं, ते का ते त्या वेळी कळलं नाही. दुखत होतं म्हणून नव्हे, एवढं मात्र नक्की. सहा महिन्यांत तो शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला होता.

मी गोळ्यांचं सांगितलं, चाचणीचं सांगितलं, कराराचं सांगितलं. मोठेबाबांनी बैलाचीच वाटी उचलली, त्यातलं उरलेलं हळद-लोणी माझ्या मांडीला चोळलं आणि वर पळसाचं गरम पान दाबून धरलं. मोठी आई तोंडाला पदर लावून हसत होती. मग मोठेबाबा उठले, दोन्ही बैलांसमोर हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि वळून, तेवढ्याच गंभीर चेहऱ्याने, माझ्यासमोर हात जोडून तेच म्हणाले. मोठी आई खाली बसूनच हसायला लागली, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी असताना मला हसू आवरेना. रात्रभर अंगाला गोठ्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावाबाहेर तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या राहिल्या. शिंगांना बेगड, अंगावर झुली, आमच्या उजव्या बैलाच्या खांद्यावर मोठी आईने मऊ फडकं घातलेलं. पोळा फुटायच्या आधी आमच्याकडे झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींचं खणखणीत गाणं, आणि त्यात वर्षभरात ज्याने ज्याने काही केलं त्याचं उट्टं काढलेलं असतं. त्यात सरपंच सुटत नाही आणि जावईही सुटत नाही. एकाने डोक्याचा फेटा सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं:

"बैल वखरते बारा एकर, खाते मूठभर ढेप,
आमचा गडी नव्वद मिन्टं, पैशाची आनते खेप!
पाय धरला, घरी आला, बसला खाटेवर,
बैलाले नाई सुट्टी आन् याले दहा दिस घर!
हर बोला हर हर महादेव!"

अख्खा गाव खदखदून हसला. मीही हसलो. मोबाईलवर कोणी हेच लिहिलं असतं तर मी दोन तास जळफळलो असतो, पण समोर उभं राहून, फेटा बांधून, यमक जुळवून कोणी आपली टिंगल करत असेल तर रागावणार कसं? झडतीला झडतीनेच उत्तर द्यायचं असतं. मला काही ते येत नाही. मी हात वर करून हरलो म्हणणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. मोठेबाबांनी आयुष्यात कधी झडती म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"बैल दुखला त धनी त्याचा जू उतरोते खाली,
पोरगं दुखलं त पब्लिक म्हन्ते, आजून वाजवा टाळी!
सहा मयने गोया खाऊन पयून राह्यला गडी,
त्याचा पाय पाहाले कोनी आला नाई घडीभर घडी!
हर बोला हर हर महादेव!"

शेवटची ओळ जरा ओढूनताणून बसवलेली होती, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. असा गलका झाला की बैल बुजले. पोळा फुटला. घराघरांतून ओवाळून घेत आम्ही परत आलो, पुरणपोळी झाली, बैलांचीही झाली. आणि मग माझ्या लक्षात आलं की तोरणाखाली निदान तीस मोबाईल वर धरलेले होते.

मी मोठेबाबांवर भडकलो. "तुमी चारचौघांत काहून सांगितलं? माझी रोजी हाये ती!"

"मले वाटलं आपलेच लोक हायेत," मोठेबाबा ओशाळून म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. पोळ्यातली गोष्ट पोळ्यातच राहते, हा त्यांचा साठ वर्षांचा अनुभव. त्यांचा चेहरा पाहून माझा राग तिथेच विरघळला.

सकाळपर्यंत तो व्हिडिओ अमरावतीत गेला होता, अकोल्यात गेला होता आणि कोणीतरी खाली हिंदी मजकूर घालून तो समुद्रकाठी पोचवला होता. आठ वाजता क्लबच्या प्रसिद्धी विभागातल्या मुलीचा फोन आला. ती फार हुशार आणि फार घाईत असते.

"लोक विचारतायत, हा जखमी आहे का? हा गोळ्या खाऊन खेळला का?" ती म्हणाली. "मी लिहून ठेवलंय. खेळाडू पूर्ण तंदुरुस्त आहे, व्हिडिओ हा सणातला विनोद आहे. टाकू ना?"

मी नुसतं 'टाक' म्हणायचा अवकाश होता. म्हटलं असतं तर चार गोळ्या, चाचणी, पहिला सामना, सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं, आणि झडतीत कोणी खरं बोलतं का, असं म्हणून लोकही विसरले असते. मोठेबाबा समोर बैलांच्या शिंगांवरची बेगड काढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला तर वाटत होतं की त्यांनी पाहावं, म्हणजे मला त्यांच्यावर ढकलता येईल.

"नको टाकूस," मी म्हणालो. "ते खरं आहे. फेब्रुवारीपासून दुखतंय."

"कुठल्या फेब्रुवारीपासून?"

"ह्याच वर्षीच्या."

ती पहिल्यांदाच घाई विसरली. मग हळू म्हणाली, "मी डॉक्टरांना जोडून देते." डॉक्टर आधी ओरडले, मग म्हणाले की उद्याच्या उद्या अमरावतीला स्कॅन कर. फोन ठेवल्यावर मला जाणवलं की भूक लागली आहे. रात्रीच्या दोन पुरणपोळ्या मी उभ्याउभ्याच खाल्ल्या.

दुपारी अकोल्याला गेलो तर मैदानाच्या फाटकावरच सर उभे. व्हिडिओ त्यांनी कालच पाहिला होता.

"अबे, मले हो काहून म्हटलं?" सर कडाडले. "मले लंगडं पोरगं नाचवाचं हाये का?"

मला रेषेच्या बाहेर खुर्चीत बसवण्यात आलं, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून. सातवा सत्कार मी असा बसून स्वीकारला. माझी दहा मिनिटं मात्र फुकट गेली नाहीत. माझ्यासाठी आणलेली जर्सी घालून सर स्वतः उतरले. त्यांनी एक चेंडू अडवला, एक हाताने धरला आणि पंचांशी भांडले. माझ्या कुठल्याही सामन्यात लोक एवढे खूश झालेले मी पाहिले नाहीत.

स्कॅनमध्ये स्नायू एका जागी चांगलाच फाटलेला निघाला. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं आणि विचारलं, "ह्यावर तुम्ही चाचणीला पळणार होतात?" आठ आठवडे विश्रांती लागणार होती. क्लबने स्कॅननंतर सहाव्या दिवशी दुसरा राईट बॅक घेतला. प्रत्येक सामन्यामागे मिळायची ती रक्कम गेली, नवा करार होईल का ह्याची चर्चा पुढे ढकलली गेली. मोबाईलवर काहींनी लिहिलं की शाब्बास, आणि बऱ्याच जणांनी लिहिलं की फुकट पगार घेऊन गावात बैल नाचवतो. दोन-तीन रात्री मला झोप लागली नाही. मी चूक केली असं वाटायचं, मग नाही केली असं वाटायचं, मग मोठी आई येऊन मांडीला शेक द्यायची आणि मी झोपायचो. पहिले दोन आठवडे गावीच राहायला क्लबने परवानगी दिली होती.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. माझ्या जागी घेतलेला तोच राईट बॅक होता. मिझोरामचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आम्ही एकमेकांविरुद्ध खेळलो होतो, तेवढीच ओळख. त्याने माझ्या पायाची चौकशी केली, हवापाण्याची केली, व्हिडिओ पाहून खूप हसलो म्हणाला. मग आवाज खाली आणून हिंदीत म्हणाला, "माझा घोटा दुखतोय. मे महिन्यापासून. इथे कोणाला माहीत नाही. तू कोणाला बोलू नकोस."

"मी नाही बोलणार," मी म्हणालो. "तू बोल."

"तुझं सोपं आहे," तो म्हणाला. "तुझ्या घरी पाय बघणारं माणूस आहे."

तो बोलला तर माझी जागा मला परत मिळू शकत होती, आणि हे आम्हां दोघांनाही कळत होतं. मी आता कितीही चांगला सल्ला दिला असता तरी त्याला त्यात माझाच फायदा दिसला असता, आणि मला तरी कुठे खात्री होती की मी तो पाहत नाही म्हणून? मोठेबाबा गोठ्यात शेण काढत होते. मी लंगडत गेलो आणि फोन त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या एका पोराचा पाय दुखतोय, एवढंच सांगितलं. त्यांनी हात धोतराला पुसला.

"हां बेटा," मोठेबाबा त्यांच्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाले, "कौनसा पाव है? जरा दबाके देख. हां. कबसे दुखता?"

पलीकडून तो बोलायला लागला. त्याची हिंदी डोंगराकडची, ह्यांची कपाशीतली, मोठेबाबांना त्यातलं निम्मंही कळत नसणार. पण त्यांनी मध्ये एक शब्द टाकला नाही. फोन कानाला धरून ते गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसले, आणि तो बराच वेळ बोलत राहिला.